तिथीची पाऊणपट

समुद्र जागेवर नसतो, हे शिकायला मला एक अख्खी बसभर माणसं नाराज करावी लागली.

आम्ही नाशिकची माणसं. त्यातून मी पंचवटीची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि गंगेवर गेलं की पाणी पायरीला लागलेलं असतं. कधी कमी असेल, कधी पुराचं गढूळ असेल, पण असतं तिथंच. त्यामुळे ‘एका दिवसात डोंगरावरचे राजवाडे आणि समुद्र’ अशी सहल पहिल्यांदा काढली, तेव्हा मी सगळ्याची चौकशी केली. जव्हारचा राजवाडा कधी उघडतो, मोखाड्याच्या घाटात रस्ता कसा आहे, डहाणूला जेवण कुठे चांगलं मिळतं, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम कुठे आहे. दुपारी समुद्र असतो का, एवढं मात्र विचारलं नाही. कोण विचारतं हो असं?

बोर्डीला उतरलो तर समोर नुसता ओला चिखल. सुरूच्या झाडांपासून पार क्षितिजापर्यंत. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ताई, समुद्र कुठाय?”

“तो काय, तिकडे. ती पांढरी रेघ दिसतेय ना?”

“रेघ बघायला मी पहाटे उठून आंघोळ केली?”

सगळी बस हसली आणि मग सगळी बस माझ्यावर चिडली. मी रडकुंडीला येऊन शहाळ्याच्या गाडीपाशी गेले. गाडीवरच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “घाटावरची हायस ना? आज तिथी कोनती?” मला सांगता येईना. “तिथी म्हाईत नाय नि समुद्र दाखवाया आलीस! तिथीची पाऊणपट करायची बाय. जेवढं येल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असली तर तीन. अष्टमी असली तर सहा. शाळेत गेली व्हतीस ना?”

शाळेत मी गेले होते. पाऊणकीचा पाढाही पाठ होता. त्याचा समुद्राशी संबंध असतो हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, अर्धा तास इकडेतिकडे धरायचा, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आता हे सगळं मोबाइलवर दिसतं. तरी मी सहल ठरवताना अजून भिंतीवरचं कॅलेंडर बघते. सकाळची भरती असेल तर आधी समुद्र आणि येताना राजवाडा, दुपारची असेल तर उलट. लोकांना वाटतं, शैलाताईंच्या मनात येईल तसा त्या कार्यक्रम फिरवतात.

सहलीचा धंदा म्हणजे लोकांना काहीतरी दाखवायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. दाखवायला काय, डोळे ज्याचे त्याला असतात. आमचं खरं काम म्हणजे लोकांना तिथून हलवणं. “चला, चला, चला.” ह्या एका शब्दावर मी पोट भरलं. राजवाड्यात पाऊण तास, धबधब्यावर वीस मिनिटं, देवळात दहा. पुढच्या सीटवरून भांडणं, घाटात उलट्या, त्यासाठी आलेपाक आणि आवळासुपारी माझ्या पर्समध्ये कायम. जव्हारच्या नव्या राजवाड्यात मी राजघराण्याचा इतिहास सांगत असते आणि मागून प्रश्न येतो, “इथे कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालंय?” एका गृहस्थांनी राजाचं न्हाणीघर बघून मला गंभीरपणे विचारलं, “गिझर कुठे होता?” मी म्हटलं, “राजाला गिझर नसतो, माणसं असतात.” ते वहीत लिहून घेण्याच्या बेतात होते.

तर हे असं सगळं. हसत-खेळत, उरकत. पण ह्या दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर मला एकच सहल डोळ्यांसमोर येते, आणि त्या सहलीत मी जन्मात पहिल्यांदा ‘चला’ म्हणाले नाही.

थंडीचे दिवस होते. पंचवटी कारंज्याजवळच्या माझ्या टपरीवजा ऑफिसात एक गुरुजी आले. धोतर, वर स्वेटर, डोक्याला मफलर. नाव सांगत नाही, पण चेहरा ओळखीचा होता. रामकुंडावर अस्थिविसर्जनाचे विधी करणाऱ्यांपैकी. भारतभरातून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन आमच्या गंगेवर येतात, आणि हे त्यांना पाण्यापर्यंत नेतात. 

“बोर्डीची गाडी षष्ठीला आहे का?” त्यांनी विचारलं.

शनिवारी आहे का, रविवारी आहे का, असं सगळे विचारतात. तिथी विचारणारा हा पहिलाच. मला वाटलं, मुहूर्त बघून फिरायला जाणारा माणूस दिसतोय. कॅलेंडर बघितलं तर षष्ठी नेमकी शनिवारी येत होती. 

“एकच सीट?”

“एकच,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “हो, एकच.”

शनिवारी पहाटे निघालो. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. वरच्या रॅकवर ठेवू देईनात. शेजारी मालपुरे काकू बसल्या होत्या. गंगापूर रोडच्या, बँकेतून निवृत्त, तोंडाने फटकळ. त्र्यंबक मागे पडेपर्यंत त्यांनी गुरुजींना डब्यातल्या दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खायला लावली होती. “पिशवी ठेवा हो खाली, काही पळून जात नाही,” असं तीनदा म्हणून झालं होतं. गुरुजी नुसते मान हलवत होते.

जव्हारला पोचलो. तिथे दोन राजवाडे, गावातला जुना आणि टेकडीवरचा नवा. नव्याकडे काजूच्या झाडांमधून चढत जावं लागतं. सगळे उतरले, गुरुजी उतरले नाहीत. माझ्या धंद्यात गाडीत बसून राहिलेला प्रवासी म्हणजे तब्येत बिघडलेला प्रवासी. सगळ्यांना आत सोडून मी परत आले.

“गुरुजी, चक्कर येतेय का? आलेपाक देऊ?”

“नको. ताई, मला एक सांगा. षष्ठीची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती. बरोबर आहे ना? एरवी गुणाकार तीच करायची, म्हणून विचारतो.”

मी चमकलेच. पंचवटीतल्या भटजींना ही पाऊणपट कशी ठाऊक? मी समोरच्या सीटवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांची बायको बोर्डीची. चिकूच्या वाडीतली. लग्न पंचवटीतच लागलं, कारण घाटावरचा माणूस घाट सोडून जाणार कुठे? गुरुजी रोज सकाळी चहा घेताना पंचांग वाचत. “आज एकादशी.” की आतून स्वयंपाकघरातून आवाज येई, “म्हणजे आमच्याकडे सव्वाआठला भरती.” “आज दशमी.” “साडेसात.” आयुष्यभर, एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला गुरुजींना गंमत वाटायची, मग सवय झाली, मग ऐकूही येईनासं झालं. समुद्र बघायला जाऊ असं ती म्हणायची. हे म्हणायचे, पुढच्या वर्षी. पितृपक्षात सुटका नाही, लग्नसराईत शांतीची कामं, आणि मरण काय, ते तर बाराही महिने. तिचे आईवडील गेले, वाडी विकली गेली, आणि हे जावई म्हणून तिच्या गावी एकदाही गेले नाहीत. 

“समुद्र मी आजवर बघितलेला नाही,” ते म्हणाले. “नाशकापासून एका दिवसात जाऊन येता येतं, हे तुमच्या पाटीवर वाचलं.”

मला त्यांचा राग आला. अगदी खरं सांगते, फार राग आला. माणूस गेल्यावर ह्यांना पाट्या दिसतात! पण पिशवीवर ठेवलेले त्यांचे हात बघितले आणि राग गिळला.

“जायच्या आदल्या आठवड्यात आमची गोदा मला म्हणाली,” ते सांगत होते, “मला गंगेत सोडू नका. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, तिथे फार गर्दी असते. रोज बघतेय मी. मेल्यावर तरी जरा निवांत राहू द्या.”

आता विचार करा. जिथे अस्थी सोडायला लोक कुठून कुठून येतात, त्या घाटावरच्या माणसाच्या बायकोने तिथे नको म्हणावं! भाऊबंदांत हे सांगायची सोय नव्हती. पहाटे एकटाच जाऊन विसर्जन उरकलं, असं त्यांनी घरी सांगितलं आणि कलश घाटावरच्या आपल्या पेटीत ठेवला, दर्भ आणि तिळांच्या डब्यांखाली. महिनाभर. रोज त्याच पेटीतून सामान काढून दुसऱ्यांच्या अस्थींचे विधी करत राहिले.

“भरती कशाला हवी, असं वाटत असेल तुम्हाला,” ते म्हणाले. “ती म्हणायची, ओहोटीला समुद्र घरी नसतो. घरी नसताना कसं हो सोडायचं तिला?”

मी खाली उतरले आणि आमचा ड्रायव्हर सलीमभाई ह्याला म्हटलं, काहीही झालं तरी साडेचारला बोर्डी. त्याने कारण विचारलं नाही. पण त्या दिवशी ग्रहच फिरले होते. एक नवं जोडपं फोटो काढायला दरीच्या कडेकडेने असं लांब गेलं की त्यांना शोधण्यात वेळ गेला. फोन लागेना. मी काजूच्या झाडांत उभी राहून घसा फोडून ओरडत होते. ते सापडून निघालो, तर उतारावर एक ट्रक आडवा पडलेला. रस्ता बंद. क्रेन येईपर्यंत नुसतं बसून राहायचं. मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते आणि गुरुजी माझ्याकडे बघत होते. एका शब्दाने विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा सलीमभाई हळूच म्हणाला, “ताई, लय टाइम गेला. डहाणूला थांबलो तर बोर्डीला अंधारच. डहाणू काटावं लागेल.”

मी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की डहाणूचा थांबा रद्द, आपण थेट बोर्डीला जातोय, जेवण गाडीतच पाकिटं घेऊन करू. झालं! सगळीकडून कल्ला. सगळ्यात वरचा आवाज मालपुरे काकूंचा. “असं कसं? कार्यक्रमात डहाणू छापलंय. मला चिकूचं लोणचं घ्यायचंय, सुनेने चार बरण्या सांगितल्यात. तुमच्या मनाला येईल ते करता काय? कारण सांगा!”

“काकू, ऐका माझं, कारण आहे.”

“मग सांगा की!”

मी काही बोलणार तोवर गुरुजी उठून उभे राहिले. चालत्या गाडीत, एका हाताने सीटची दांडी धरून, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरून.

“कारण मी आहे,” ते म्हणाले. “ह्या पिशवीत माझी बायको आहे. तिला समुद्रापर्यंत न्यायचंय, आणि समुद्र थांबत नाही.”

मग काकूंचा आवाज फुटला. “अग्गोबाई! अस्थी? गाडीत? आणि मी सकाळपासून शेजारी बसून पुऱ्या खातेय?” त्या ताडकन उठल्या. मागची एक सीट रिकामी होती, तिथे जाऊन बसल्या. कोणीतरी पुटपुटलं, आधी सांगायला हवं होतं. गुरुजी म्हणाले, “हो. सांगायला हवं होतं. चुकलं माझं.” आणि खाली बसले. मी माइक खाली ठेवला.

विक्रमगडच्या पुढे कधीतरी काकू मागून उठल्या आणि पुन्हा त्यांच्या जागेवर येऊन बसल्या. 

“आमच्या ह्यांच्या अस्थी रामकुंडावरच सोडल्या,” त्या समोर बघत म्हणाल्या. “तुम्ही होतात की दुसरं कोणी, आठवत नाही. नाव सांगा, गोत्र सांगा, हात पुढे करा, सोडा. मी जरा थांबले होते. हातातून सुटेना. तर म्हणाले, चला बाई, पुढचे थांबलेत.”

गुरुजींनी मान खाली घातली. “मी असेन किंवा नसेन. आम्ही सगळेच म्हणतो. रांग असते हो.”

“असते ना. बघितली मी.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “शैलाताई, लोणचं मरू दे. पण बोर्डीला ह्यांना तुमचं ते चला-चला करायचं नाही. सांगून ठेवते.”

बोर्डीला पोचलो तेव्हा भरती होऊन गेली होती. मी आधी धावत जाऊन सुरूंच्या पलीकडे बघितलं. पाणी होतं! थोडं मागे सरकलं होतं, ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडला होता, पण चालत जाण्याइतकं जवळ. त्या क्षणी मला रडूच आलं. बाकीची मंडळी नेहमी उतरल्याबरोबर पाण्याकडे धावतात. त्या दिवशी कोणी धावलं नाही. सगळे झाडांखालीच थांबले. 

गुरुजींनी वहाणा काढल्या. मफलर काढून माझ्याकडे दिला. पाण्याजवळ जाऊन थबकले. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. लहान मुलं किंचाळतात, म्हातारी माणसं नमस्कार करतात. हे नुसते उभे होते. पाणी पावलांवरून गेलं तसे दचकून एक पाऊल मागे सरले.

“हे तर हलतंय,” ते म्हणाले.

मग पाण्यात उतरले, गुडघ्याएवढ्या. कलशाचं फडकं सोडलं. आणि तिथेच अडकले. ओठ हलत होते पण आवाज नाही. मी साडी वर खोचून जवळ गेले.

“गुरुजी, काय झालं?”

“हे मला एकट्याला येत नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा झाला होता. “विचारणारा लागतो. इकडून नाव विचारायचं, तिकडून सांगायचं. मी जन्मभर विचारत आलो. सांगायची सवय नाही मला.”

“मी विचारू? पण बाईमाणसाने विचारलेलं चालतं का?”

“चालत नाही,” ते म्हणाले. “विचारा.”

मी विचारलं, “गोत्र?”

“ते राहू दे. ते माझं आहे.”

“नाव?”

मला वाटलं, गोदावरी म्हणतील. सकाळपासून गोदा, गोदा ऐकत होते. त्यांनी समोर बघितलं आणि म्हणाले, “सिंधू.”

“माहेरचं नाव. लग्नात मी तांदळांत गोदावरी लिहिलं. आमच्या घराला शोभेलसं म्हणून. तिला कोणी विचारलं नव्हतं.” मग त्यांनी कलश वाकडा केला आणि मोठ्याने, घाटावरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “सिंधू! पोचलीस गं.”

पाण्याने घेतलं. माझे पाय वाळूत रुतत होते आणि मी हमसून हमसून रडत होते. माझी ना कोणी ती, ना मी तिला कधी पाहिलेलं.

गुरुजींनी कलश धुतला, पालथा धरून निथळवला, फडक्याची घडी घातली. सगळं सराईतपणे. लगेच वळले आणि किनाऱ्याकडे चालू लागले. 

“चला,” ते मला म्हणाले. “पुढचे थांबलेत.”

माझ्या तोंडून आपसूक ‘हो’ येणार होतं. मी मागे वळून पाहिलं. किनारा रिकामा होता. लांब झाडांखाली आमची बस, आणि मालपुरे काकू चपला हातात घेऊन आमच्याच दिशेने येत होत्या.

“गुरुजी,” मी म्हटलं, “इथे मागे कोणी नाही. थांबा.”

ते थांबले. बघत राहिले माझ्याकडे, जणू मी भलत्याच भाषेत बोलले. मग तिथेच ओल्या वाळूत बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं. काकू येऊन दोन हात अंतरावर बसल्या. काही बोलल्या नाहीत, हे काकूंच्या बाबतीत फार होतं. पाणी मागे मागे जात होतं. सूर्य खाली आला, झाडांखालची मंडळीही एकेक करून येऊन वाळूत बसली. कोणी घड्याळ बघितलं नाही. सलीमभाईने सगळ्यांना चहा आणून दिला.

पाणी पार लांब गेलं, तेव्हा गुरुजींनी विचारलं, “आता कुठवर जाईल?”

“लांब. दिसेनासं होईल.”

“आणि परत?”

“येतं की. उद्या साधारण आजच्या भरतीच्याच वेळेला. पाऊण तास उशिरा.”

ते मनाशी काहीतरी हिशेब करत राहिले. ओठ हलत होते. 

“उद्या सप्तमी,” ते म्हणाले. “म्हणजे आमच्याकडे सव्वापाच.”